खांबावरचे डबे आणि एकोणतीस सह्या

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

क्षमा असावी. कोणाकडे मागते आहे ते मलाही नीटसे ठाऊक नाही. या पानाकडे, असे धरू. दहावीला मराठीत शाळेत पहिली आले, एवढ्याने स्वतःविषयी लिहिण्याचा अधिकार मिळतो असे मी कधी मानले नाही. तीन कोऱ्या वह्या कपाटात तशाच पडून आहेत. पण आज जे मनात आले ते सांगण्याजोगे माणूस नाही. म्हणून ही आगळीक.

सकाळी वाडीची सभा झाली. वाडी बहुतेक ख्रिस्ती; बोलतात मराठी, लिहितात-वाचतात इंग्रजी. नोएल अंकलच्या ओटीवर, चर्चमधल्या नऊच्या मिस्सानंतर. नोएल अंकल म्हणजे आमच्या समितीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त, आवाज अजून बँकेतलाच. विषय: चौपाटीच्या रस्त्यावर बसवलेले वेग मोजणारे तीन नवे कॅमेरे. राखाडी खांब, राखाडी डबे, वर झाडांच्या फांद्या. जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. ते तसेच ठेवावेत की पिवळे रंगवून अलीकडे फलक लावावा, यावर वाहतूक खात्याने नागरिकांचे मत मागवले आहे. मुदत २८ नोव्हेंबर. मत मराठीत द्यायचे.

सगळ्यांत मोठा आवाज ज्युलियनचा. आग्नेलो अंकलचा मुलगा, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो.

"झाडामागे लपून फोटो काढतात साले! ही काय गेम आहे? हिंमत असेल तर समोर ये ना!"

"लँग्वेज, ज्युलियन," नोएल अंकल म्हणाले. मग शांतपणे: "मुद्दा एकच आहे. तुम्हाला माणसाला पकडायचंय की गाडी हळू करायचीय? हळू करायची असेल तर दाखवा ना डबा. बोर्ड लावा, पिवळा रंग मारा. लपवलात तर त्याचा अर्थ, माणूस चुकावा म्हणून तुम्ही वाट बघताय."

युक्तिवाद चांगला होता. मला ते आवडले नाही.

मग प्रश्न आला, मराठीत लिहिणार कोण. एकोणतीस डोकी माझ्याकडे वळली. मी खांबाला टेकून, खांबाइतकीच मुकाट.

"बालभारती!" ज्युलियन ओरडला. "आपली बालभारती आहे ना!"

सगळे हसले. बाबाही हसले. बाबा म्हणजे शरदचंद्र तळपदे, सॉलिसिटरच्या कचेरीत बत्तीस वर्षे कारकून. वाडीचे सगळे मराठी अर्ज आजवर त्यांनीच लिहिले. आता हात थरथरतो.

"लिहील ती," बाबा म्हणाले. "न लिहायला काय झालं?"

मला कोणी विचारले नाही. माझे मत काय, हेही कोणी विचारले नाही. मत आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

नोएल अंकलने मुद्दे इंग्रजीत टंकून पाठवले. अकरा मुद्दे. शेवटी लिहिले आहे — "मेक इट साउंड व्हेरी मराठी."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

संध्याकाळी ग्रंथालयातून परतताना ब्रेंडा आंटीने जिन्यात गाठले. ज्युलियनची आई. हातात पीठ, केसांना पीठ.

"क्षितिजा, बेटा, चांगलं लिव हां. ज्युलियनला दोन चलान झाली त्या लपलेल्या डब्यांची. तिसरं झालं तर लायसन सस्पेंड करतात म्हणे. मग व्हॅन कोण चालवणार? याचे गुडघे तर गेले."

"हो, आंटी."

"तू लिवलंस तर होईल. तुझं मराठी ऐकलं की मला तर कोर्टात उभी असल्यासारखं वाटतं."

आत आग्नेलो अंकल खुर्चीत बसले होते, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी. त्यांनी नुसता हात वर केला. या वाडीत मला 'बालभारती' न म्हणणारा एकटा माणूस. तरुणपणापासून गिरगावातल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. छापखाना बंद झाला, तेव्हा व्हॅन घेतली. ती व्हॅन म्हणजे त्यांचे घर, औषध, ब्रेंडा आंटीचा गॅस, सगळे. ती आता ज्युलियनच्या हातात आहे.

आणि ज्युलियन म्हणजे फेब्रुवारी.

येथवर लिहिले आणि थांबले. आज नको.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पुरावा हवा होता, म्हणून सकाळी साडेसहा ते आठ चौपाटीच्या रस्त्यावर कठड्यापाशी बसले. मांडीवर पुस्तक. मुलीच्या मांडीवर पुस्तक असले की तिच्याकडे कोणी पाहत नाही; हा माझा जुना अनुभव.

नव्या तीन डब्यांच्या बरेच अलीकडे एक जुना कॅमेरा आहे. तो सर्वांना पाठ आहे. फलकही आहे, रंगही आहे. मी शंभर वाहने मोजली. त्यांतील एकाहत्तर डब्याअलीकडे मंदावली आणि पुढे, पहिल्या मोठ्या झाडापाशी, पुन्हा सुसाट सुटली. देवळाच्या दारात चपला काढाव्यात तसा वेग काढून ठेवतात, आणि दर्शन झाले की पुन्हा पायात घालतात.

सात वाजून चार मिनिटांनी ज्युलियनची व्हॅन आली. रिकामी. पहिले मूल तो वाळकेश्वराला घेतो. डब्यापाशी अगदी सभ्य. पुढे मला पाहिले आणि भोंगा वाजवला.

"ए बालभारती! मच्छर मोजतेस काय?"

आणि सुटला. नेमका तेथूनच. त्या झाडापासून.

मी वहीत त्याच्यासमोर फुली मारली. फुली सरळ आली. याचे मला आश्चर्य वाटले, आणि थोडा आनंदही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शिवडीला गेले होते. शकूमावशीकडे. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

आता फेब्रुवारी लिहिलेच पाहिजे.

शकूमावशी आमच्या वाडीत पाच घरी भांडी-लादी करीत असे. आमच्याकडेही. माझ्या आईच्या आजारपणात तिला उचलून बसवायची ती शकूमावशीच. सात फेब्रुवारीला सकाळी सातच्या सुमारास ती चौपाटीचा रस्ता ओलांडत होती. चांगले उजाडले होते. जुन्या डब्याच्या पुढे, त्या मोठ्या झाडापाशी, ज्युलियनच्या व्हॅनने तिला उडवले आणि व्हॅन थांबली नाही. पाव तासाने तो वाडीत येऊन रडला. ते मी ऐकले. त्यांचे घर आमच्याच जिन्यावर, दोन मजले खाली आहे.

संध्याकाळपर्यंत वाडीने ठरवून टाकले. मुलगा तरुण आहे. आग्नेलो सज्जन आहे. व्हॅन गेली तर घर जाईल. शकूचे औषधपाणी वाडी करील. फक्त तिने लिहून द्यावे की तक्रार नाही.

अर्ज लिहायला कोण? बाबांचा हात थरथरतो.

मी लिहिला. चार वाक्ये. पहिले — रस्ता ओलांडताना पाय घसरून मी पडले. दुसरे — सदर दुखापतीस कोणतेही वाहन कारणीभूत नाही. तिसरे — माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चौथे — वाडीतील मंडळी माझ्या उपचाराची काळजी घेत आहेत. बाबा म्हणाले, "वा! मोजकं आणि नेमकं."

रुग्णालयात खाटेभोवती आम्ही चौघे: नोएल अंकल, बाबा, आग्नेलो अंकल, मी. शकूमावशीला सही येते, वाचता येत नाही. ती सलाइनच्या गुंगीत म्हणाली, "वाच गो एकदा, बाय. काय लिवलंस?"

मी वाचले. दुसरे वाक्य गाळून. पहिल्या वाक्यातले 'घसरून' गाळून. म्हणजे तिला ऐकू आले: रस्ता ओलांडताना मी पडले, तक्रार नाही, वाडी काळजी घेईल. आवाज अगदी स्पष्ट ठेवला होता. वक्तृत्व स्पर्धेत शिकवतात तसा.

तिने सही केली. 'शकू'. ऊकार खाटेच्या चादरीपर्यंत गेला.

वाडीने दोन महिने जेवण पाठवले. मग सुट्ट्या लागल्या, मग गणपती आले, मग नाताळच्या तयारीची भाषा सुरू झाली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला, हे मला आज तिथे गेल्यावर कळले. नऊ महिने मी विचारलेच नव्हते.

खोली गोदामाच्या भिंतीला चिकटून आहे. ती दारातच पाटावर बसली होती, समोर मटारच्या शेंगांची टोपली. कोणाकोणाचे सोलून देते.

"आली गो माझी बाय! किती वाळलीस! अभ्यास झाला काय?"

मी म्हणाले, चालू आहे.

"मी चौकीवर गेलते गो, भाच्याला घेऊन. म्हटलं, सायबा, गाडीनं उडवलं मला. तर तो म्हणतो, बाई, तुमच्याच अर्जात लिवलंय, गाडी नव्हतीच. तुमचीच सही." शेंग सोलता सोलता बोलत होती. "तिकडं कायतरी गडबड झाली असेल. कोणाचा तरी दुसरा कागद लागला असेल माझ्या नावाला. तू शिकलेली. बघशील काय?"

"बघते," मी म्हणाले.

बघते! मी हा शब्द उच्चारला, आणि जिभेला काही झाले नाही.

बोलायला काही उरेना, म्हणून तिला कॅमेऱ्यांची गोष्ट सांगितली. पिवळे करावेत की नाही. ती हसली. शेंग हातात तशीच.

"अगो, मी त्या दिवशी पिवळीच साडी नेसले होते. तुझ्या आईची. दिसले काय कोणाला?"

येताना तिने सोललेले मटार माझ्या पिशवीत घातले. मी ते घेतले. आज रात्री बाबांनी उसळ खाल्ली आणि म्हणाले, मटार गोड आहेत.

रविवार, १६ नोव्हेंबर

पत्र लिहिले. नोएल अंकलचे अकरा मुद्दे बाजूला ठेवून.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पत्र दोन पानांचे आहे, सह्यांचे पान तिसरे. एवढ्या काळजीने मी परीक्षेतला निबंधही लिहिला नव्हता.

वाडीला हवे होते की डबे पिवळे करावेत. मी लिहिले आहे: "सदर उपकरणे दृश्यमान केल्यास वाहनचालक उपकरणस्थळीच गतिनियमन करितात व तदनंतर यथापूर्व अतिवेग अवलंबितात, हे आम्हां रहिवाशांचे प्रत्यक्ष अवलोकन होय. सबब उपकरणे अलक्षितच ठेवावीत. किंबहुना जुन्या उपकरणापुढील वृक्षानजीक एक अतिरिक्त उपकरण, कोणत्याही पूर्वसूचनेवाचून, बसविण्यात यावे. तेथून दररोज प्रातःकाळी ये-जा करणाऱ्या विद्यार्थिवाहक वाहनांवर विशेष लक्ष ठेवावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे."

विद्यार्थिवाहक वाहने. वाडीतील कोणालाही या शब्दातून शाळेची व्हॅन दिसणार नाही. तिला दोन चलाने झालेली आहेत. तिसरे त्या झाडाखाली होईल.

न्याय, तत्त्व, रस्त्याची सुरक्षितता — हे सारे मी पत्रात घातले आहे. येथे खोटे लिहिण्याची गरज नाही. मला ज्युलियनचा परवाना हवा आहे. आणि तो काढून घ्यायला त्याचीच सही हवी आहे.

एकच भीती होती: बाबा. ते मराठी वाचतात. पण बत्तीस वर्षे कचेरीत त्यांनी एक सवय लावून घेतली. विषय वाचायचा, शेवट वाचायचा, मधला मजकूर "तो तर असतोच" म्हणून सोडायचा. विषय मी लिहिला: 'वेगमापक कॅमेऱ्यांच्या दृश्यतेबाबत रहिवाशांचे निवेदन'. शेवट: 'कळावे, आपले विश्वासू'.

बाबांनी चष्मा वर केला. विषय वाचला. पान उलटले. शेवट वाचला.

"सुंदर," म्हणाले. "माझ्या जागेवर बसलीस तू."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

झोप उत्तम लागते आहे. हे बरे लक्षण नसावे.

रविवार, २३ नोव्हेंबर

सह्या झाल्या. एकोणतीस.

नोएल अंकलच्या ओटीवर टेबल, टेबलावर पत्र, पत्राजवळ मी. सर्वांनी वाचावे, असे मी दोनदा म्हणाले. खरोखरच म्हणाले. हे येथे नोंदवून ठेवते.

नोएल अंकलने पहिली ओळ मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. "सदर उप... उपक... माय गॉड! धिस इज लाइक संस्कृत." सगळे खूष. जितके कळत नव्हते तितके अधिक खूष! जड मराठी म्हणजे जोरदार मराठी, असा वाडीचा समज आहे. ब्रेंडा आंटी शेजारणीला म्हणाली, "बघ, असं लिवलं की सरकारला घाम फुटतो." एकीने विचारले, "याच्यात पिवळा रंग कुठे आहे?" मी म्हणाले, दुसऱ्या पानावर. दुसऱ्या पानावर 'पीतवर्ण' आहे: 'पीतवर्ण देऊ नये'. तिने दुसरे पान उलटलेच नाही.

ज्युलियन शेवटी आला. गॉगल कपाळावर.

"काय बालभारती, टाइट लिवलंय ना?"

"वाचून बघ."

"ए, मी वाचेपर्यंत ईस्टर येईल!" त्याने सही केली. मोठी, नक्षीदार, खाली दोन रेघा. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. "साला, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं?"

पहिलीपासून आजवर माझ्या डोक्यावर टपली मारणाऱ्यांची मी मनात एक यादी ठेवली आहे. ती आज पहिल्यांदा कागदावर आली, त्यांच्याच हस्ताक्षरांत. ते पान मी घरी आणून किती वेळ पाहत बसले! कुणाची अक्षरे अर्धवट, कुणाची उगीच तिरकी. एकाचेही वळण चांगले नाही.

आग्नेलो अंकलनेही सही केली. ते माझ्यासमोर, टेबलाच्या पलीकडे, पाऊण तास बसून होते. गुडघ्यावर हात. सही मराठीत केली. बाबांखेरीज एकट्यांनीच.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाठवायला अजून तीन दिवस. थांबले आहे. का, ते कळत नाही. वाडी अशी हातात असण्याचा आनंद असावा. वाडीत सगळे हल्ली मला "गुड मॉर्निंग" म्हणतात.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दुपारी बाबा दवाखान्यात गेलेले. दार वाजले. आग्नेलो अंकल. दोन मजले चढून आलेले, त्या गुडघ्यांनी. धाप लागली होती. मी पाणी दिले. अर्धे प्याले, पेला दोन्ही हातांत धरून ठेवला.

"लेटर गेलं काय गो?"

"नाही, अंकल. शुक्रवारी."

"बरं झालं." त्यांनी पेला थोडा फिरवला. "अलक्षितच ठेवावीत," ते म्हणाले. "किंबहुना."

मी दार लोटून घेतले.

"एकतीस वर्षं खिळे जुळवले गो मी. खिळा उलटा असतो. ओळ उलटी वाचायची, नायतर शेठ कानफटात मारायचा. तू समोर बसलीस, लेटर तुझ्याकडं तोंड करून. माझ्याकडनं उलटं. माझ्यासाठी ते सुलटंच."

हे मला ठाऊक होते! ते खिळे जुळवत, हे मी स्वतः याच वहीत लिहिले आहे. आणि तरी मी त्यांना पाऊण तास माझ्यासमोर बसवले. वाडीला मराठी येत नाही, असे मी ठरवून टाकले होते. पहिली आलेली मुलगी!

"मग सही का केलीत?"

"एवढ्या लोकांसमोर तुझं नाव घेऊ? आई नाय तुला." पेला खाली ठेवला. "तू का लिवलंस, ते मला माहीत आहे. मी पण होतो त्या खाटेपाशी. तू एक लाइन सोडलीस वाचताना. ते पण मी बघितलं. तेव्हा पण कागद माझ्याकडनं उलटाच होता."

नऊ महिने. नऊ महिने या माणसाने मला जिन्यात पाहून हात वर केला आहे.

"तेव्हा बोलला नाहीत," मी म्हणाले.

"माझा पोरगा होता ना गो." एवढेच. डोळे कोरडे. "तो रोज रात्री स्वयंपाकघरात बसून रडायचा दोन महिने. मग बंद झाला. बंद झाला ते वाईट झालं, मला कळतं. पण त्याचं लायसन गेलं तर ब्रेंडाचं काय? माझं काय? हे लेटर फाड. तुझ्या पाया पडतो."

आणि ते खरेच वाकू लागले. गुडघे वाकेनात. एक हात भिंतीवर, दुसरा माझ्या पायांच्या दिशेने, मध्येच अडकलेले. मी त्यांना धरले नाही. दोन-तीन क्षण मी नुसती पाहत उभी राहिले. हे मी केले, हे लिहून ठेवलेच पाहिजे. शकूमावशीला कोणी असे वाकून विचारले नव्हते, एवढेच तेव्हा मनात होते.

मग त्यांना खुर्चीवर बसवले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "रागावू नको. आमच्या एकोणतीस सह्या घेतल्यास. तुझी कुठे आहे? लिवणाऱ्यानं लपू नये गो. लिवायचं तर आपल्या नावानं लिवावं. लोकांच्या सहीमागं उभं राहून दगड मारणं, हे तुला शोभत नाय. तू चांगली मुलगी आहेस."

त्यांचा हिशेब मला दिसत होता. लाजवले की ही भित्री मुलगी गप्प बसेल. तेवीस वर्षे बसलेलीच आहे. हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

"फाडते," मी म्हणाले. त्यांच्यासमोरच दोन्ही पाने फाडली. सह्यांचे पान ठेवले. "वाडीला हवं तसं पत्र लिहून देते. पिवळा रंग, फलक, सगळं. तुम्ही वाचा. मगच पाठवीन."

"गॉड ब्लेस यू, बेटा."

उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. खालून ब्रेंडा आंटीचा आवाज आला, "कुठं गेलता एवढं चढून?" आणि त्यांचा, "पोरीचं लेटर बघायला. छान लिवलंय."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

वाडीचे पत्र नव्याने लिहिले. नोएल अंकलचे अकराही मुद्दे, साध्या मराठीत. आग्नेलो अंकलनी वाचले. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो नखाने दाखवला.

रात्री दुसरा कागद पुढे घेऊन बसले आहे. बाबा विचारतात, अजून काय लिहितेस. काही नाही म्हणते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

वाडीचे निवेदन सकाळी दहाला खात्याकडे गेले. डबे दिसावेत, अशी एकोणतीस जणांची मागणी. नोएल अंकलने वाडीच्या गटावर टाळ्या पाठवल्या.

दुसरे पत्र पोलीस ठाण्याला. आग्नेलो अंकलच्या सल्ल्याबरहुकूम, माझ्या नावाने. सात फेब्रुवारीचा अर्ज मी रचला, अडाणी बाईला तो खोटा वाचून दाखवला, व्हॅनचा क्रमांक हा, चालक ज्युलियन, खाटेपाशी आम्ही चौघे, नावे अशी. त्यांत माझ्या वडिलांचे नाव आहे. सगळे जाणून गप्प राहिलेला माणूस कोण, तेही आहे. एकही जड शब्द वापरलेला नाही. खाली सही: क्षितिजा शरदचंद्र तळपदे. आणि पत्ता.

पाठवले: शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून बारा मिनिटे.